मोरचूद न चाखलेली माती

वसईला लोक किल्ला बघायला जातात, समुद्र बघायला जातात, नाहीतर फ्लॅट बघायला जातात. मी माती बघायला गेले. तीही साधीसुधी नाही. जिने जन्मात कधी मोरचूद चाखलेला नाही अशी ओंजळभर माती मला हवी होती, आणि ती वसईच्या पश्चिम पट्ट्यातच हवी होती, जिथे पिढ्यान्पिढ्या पानवेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी मारलं जातं. परत येऊन महिना झाला तरी ओळखीचे लोक विचारतात, "मग, मिळाली का?" प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकलेलं बरं.

मी जीवरसायनशास्त्र शिकवते आणि राहते सांगलीला. गेली पाच वर्षं मी तांबं पचवणाऱ्या बॅक्टेरियांच्या मागे आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. तो बुरशीला मारतो म्हणून बागायतदार वापरतात. मातीतल्या साध्या बॅक्टेरियांनाही तो सोसत नाही, पण काही गडी असे निघतात की ते त्यात खुशाल वाढतात. त्यांच्याजवळ एक एन्झाइम असतं, ते घातक तांब्याला जरा सौम्य करून टाकतं. माझं म्हणणं असं की हे एन्झाइम पूर्वी वेगळ्याच कामाला होतं. वर्षानुवर्षं तांबं अंगावर पडत राहिलं तसं ते बदललं आणि या कामाला जुंपलं गेलं. घरात कापड कापायला आणलेली कात्री दुधाच्या पिशव्या कापायला लागते आणि हळूहळू त्याच कामाची होऊन जाते, तसं.

यातला वसईचा संबंध माझ्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीमुळे आला. मीनल लग्न होऊन निर्मळला गेली, आणि पाच वर्षांपूर्वी आमच्या वास्तुशांतीला तिने कुंडीतून पानवेल आणली. पाहुणे वेलीचं कौतुक करत होते तेव्हा मी कुंडीतली चमचाभर माती डबीत भरत होते. नवऱ्याने कपाळाला हात लावला. पण त्या चमचाभर मातीतून जे बॅक्टेरिया निघाले त्यांचं एन्झाइम मी आजवर पाहिलेल्या सगळ्यांपेक्षा तरबेज होतं. त्यावर मी शोधनिबंध लिहिला. तो ज्या तज्ज्ञाकडे तपासायला गेला त्याने एकच प्रश्न विचारला: मोरचूद न लागलेल्या तिथल्याच मातीत हे बॅक्टेरिया नाहीत, हे कशावरून?

प्रश्न अगदी बरोबर होता, म्हणूनच मला त्याचा राग आला. ते बॅक्टेरिया कोऱ्या मातीतही सापडले तर माझी गोष्ट संपली. मग हे एन्झाइम बागायतीने घडवलेलं नाही, ते तिथे आधीपासून होतंच, असा अर्थ होतो, आणि माझी पाच वर्षं एका गैरसमजात गेली असं ठरतं. उत्तर द्यायला थोडे दिवस होते. दिवाळी झाली आणि मी नमुने थंड ठेवायचं खोकं उचलून निघाले. मला स्वतःवर फार विश्वास आहे. मी याला गुण म्हणते, नवरा दुसरा शब्द वापरतो.

निर्मळ

प्रवास कसा झाला ते सांगत नाही, सगळ्यांचा होतो तसाच झाला. निर्मळच्या गल्लीत रिक्षातून उतरले तेव्हा शनिवारची सकाळ होती. दोन्ही बाजूंना केळी, मधून एका गाडीपुरता रस्ता, आणि पुढे-मागे फुलांच्या पाट्या बांधलेल्या स्कूटर. माझ्या हातात निळं-पांढरं बर्फाचं खोकं होतं. कुंपणाआडून एका बाईंनी हाक मारली, "ओ मॅडम, पोलिओचा डोस आज हाय काय?" मी नाही म्हटलं तर त्या निराश झाल्या. नातवाला त्यांनी आंघोळ घालून तयारच ठेवलं होतं.

मीनलचं घर नव्या बांधणीचं आहे, पण मागची वाडी जुनीच आहे. वाडीवर राज्य चालतं ते तिच्या सासूबाईंचं, हिराकाकूंचं. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, ताठ चालतात आणि पाहुण्याला बसवून ठेवणं त्यांना मान्य नाही. चहा झाल्या झाल्या त्यांनी मला मागच्या दारी नेलं. दर शनिवारी त्यांच्याकडे तांब्याची भांडी घासायचा शिरस्ता आहे. पिण्याचं पाणी अजून तांब्याच्या हंड्यात असतं, शिवाय कळश्या, देवघरातले तांबे, पळी, ताम्हन. भांडी दगडावर मांडून ठेवली होती आणि वाडग्यात भिजवलेली चिंच होती.

"सांगलीला काय लावता?" काकूंनी विचारलं.

"लिंबू आणि मीठ."

"त्याने असं निघत नाय." त्यांनी चिंचेचा गोळा माझ्या हातात दिला.

मीही पदर खोचला. हंडा असा लखलखला की त्यात माझा चेहरा दिसायला लागला, आणि खरं सांगते, डॉक्टरेट मिळाली तेव्हा झाला नव्हता इतका आनंद झाला. धुतलेलं पाणी काकूंनी दाखवलं तसं झोकात अळूच्या वाफ्यात ओतलं. मोरीचं पाणी तिकडेच जायचं आणि अळू हत्तीच्या कानाएवढं माजलं होतं.

मग कामाला लागले. काकूंना विचारलं, "तुमच्या वाडीत असा कुठला कोपरा आहे का, जिथे कधीच मोरचूद मारलेला नाही?"

काकूंनी विचारसुद्धा केला नाही. "हा अळवाचा वाफा. आम्ही घरी खातो ना! त्याला कधीच फवारनी नाय. माझ्या सासूच्या वेळेपासून नाय."

म्हणजे माझं काम पहिल्या तासातच झालं होतं. मी खुशीत वाफ्यातली माती घेतली, पाण्यात कालवली आणि सोबत आणलेल्या काचेच्या बशांवर पसरली. या बशांत आगर थिजवलेलं असतं, त्यावर बॅक्टेरिया वाढतात. काही बशा साध्या होत्या, काहींत मी मोरचूद घातला होता, त्यामुळे त्या फिकट निळ्या दिसत होत्या. काकू चष्मा लावून बघत होत्या. "हे तर चायनाग्रास! यात दूध-साखर नाय घातली?" बशा फ्रिजच्या डोक्यावर ठेवल्या, कारण घरातली सगळ्यात उबदार जागा तीच. दोन दिवसांनी साध्या बशीत वाढ दिसायला हवी होती आणि निळी बशी रिकामी राहायला हवी होती. ती तशीच राहणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

दुपारी त्याच अळवाची भाजी झाली आणि तिच्यात सुकट होती. आमच्याकडे अळूच्या भाजीत मासळी पडली तर अख्खी पंगत उठेल. मी दोनदा मागून घेतली. रविवारी मीनलने मला देऊळ आणि तळं दाखवलं आणि संध्याकाळी सुकेळी खायला घातली. राजेळी केळी उन्हात सुकवून करतात, रंग मधासारखा, आणि एक खाऊन कुणी थांबलेलं मी पाहिलं नाही. परतीचं तिकीट शुक्रवारचं होतं आणि आता इतके दिवस काय करायचं असा मला प्रश्न पडला होता. समुद्रावर जाऊन नुसतं बसायचं, असं मी मीनलला सांगूनसुद्धा टाकलं.

सोमवारी संध्याकाळी बशा खाली काढल्या. साधी बशी भरली होती. निळी बशीही भरली होती. थोडीथोडकी नाही, काठोकाठ.

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले. मीनल म्हणाली, "अगं, इतकं काय झालं? वाढलेत तर वाढू दे ना!" तिला काय सांगणार? कोऱ्या मातीत तांबं पचवणारे बॅक्टेरिया भरभरून होते, म्हणजे तज्ज्ञाचं बरोबर आणि माझं चूक. त्या रात्री जेवण गेलं नाही. वय झाल्यावर रडू येणं सोपं नसतं, पण डोळ्यांत पाणी आलं हे लपवत नाही.

मंगळवारी सकाळी तोंड धुवायला मागच्या दारी गेले. हिराकाकू पूजेचा तांब्या घासत होत्या. चिंच फिरली, वर पाणी पडलं, ते पाणी हिरवट निळं झालं आणि काकूंनी ते झोकात अळूच्या वाफ्यात भिरकावलं. शनिवारी मी ओतलं होतं, अगदी त्याच ऐटीत.

मी दात घासायचा ब्रश तोंडात तसाच ठेवून उभी राहिले. चिंचेची आंबट धार तांब्यावर लागली की तांबं सुटतं, हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. ते हंड्यावरून निघून कुठे जातं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. काकूंची सासू तिथेच घासायची, तिची सासूही तिथेच. त्या वाफ्याला फवारणी कधीच नव्हती, काकू अक्षरशः खरं बोलल्या होत्या. फक्त दर शनिवारी, आणि पूजेच्या भांड्यांनिमित्त रोज, त्याला तांबं पाजलं जात होतं. आणि माती उचलायच्या आधी तासभर त्यात शेवटचा हंडा मी स्वतः ओतला होता!

मला जे हसू फुटलं ते आवरेना. काकू घाबरल्या. "मीनल, बघ गं, हिला काय झालं!"

"काकू, तुमचं अळू पानमळ्यापेक्षा जास्त तांबं प्यालंय!"

"मग? म्हणूनच चांगलं होतं," काकू म्हणाल्या आणि पुढची पळी घासायला घेतली.

माझी गोष्ट मेली नव्हती. उलट जिथे तांबं तिथे हे बॅक्टेरिया, हे आणखी एकदा दिसलं होतं. पण कोरी माती अजून मिळायचीच होती आणि हाताशी राहिले होते तीन दिवस.

वटार

मीनलच्या ओळखीचे मधूभाऊ वटारला राहतात. वडिलांचा पानमळा होता, हे स्वतः फुलं आणि भाजी करतात. ते स्कूटर घेऊन आले. "कुठे न्यायचं सांगा, मॅडम. वटारमधली एक वाडी मला ठाऊक नाही असं नाही." मी मागे बसले, मांडीवर खोकं, आणि आम्ही दिवसभर वाड्या पालथ्या घातल्या.

आता मी शहाणी झाले होते. फवारलं का, एवढंच विचारत नव्हते. उरलेलं कुठे ओतता, पंप कुठे धुता, भांडी कुठे घासता, हे विचारत होते. एखाद्याच्या घरी जाऊन दहा मिनिटांत असले प्रश्न विचारणं सांगलीत शक्य नाही, तिथे आधी दोन चहा लागतात. वटारमध्ये लोक उभ्या उभ्या मोकळेपणाने सांगत होते आणि प्रत्येक उत्तराबरोबर माझी एकेक आशा मावळत होती.

पहिल्या वाडीत एक नारळ होता. त्याला कधीच फवारलं नव्हतं. "मग पंप कुठे धुता?" घरधनी हसले. "त्याच माडाच्या बुडाशी. पानी फुकट कशाला घालवायचं?" दुसऱ्या वाडीत जास्वंदीचं कुंपण होतं, बागेपासून लांब. मी खुरपं काढलं तेवढ्यात आतून आवाज आला, "ते खांब वाळवी लागू नये म्हणून मोरचुदात बुडवलेत हां!" तिसरीकडे तुळशीवृंदावन. तिथे रोज सकाळी तांब्याच्या लोट्यातून पाणी, आणि तो लोटा कुठे घासतात हे विचारायची गरजच नव्हती.

चौथ्या वाडीत एका बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि काळजीने विचारलं, "पन मॅडम, मोरचूद नाय मारला तर वेली जगतील कशा?" त्यांना वाटलं, मी मोरचूद बंद करायला आलेली कुणी सरकारी बाई आहे. मी बंदी घालायला आलेली नाही हे पटवायला अर्धा तास गेला. मग खूश होऊन त्यांनी मला निरोपाची म्हणून पानांची जुडी दिली. पानांवर निळसर डाग होते. मी पाण्याने चोळून चोळून धुतली आणि खाल्ली. चवीला फार छान होती, कोवळी, आणि तिखट कमी.

दुपार टळली. मधूभाऊंनी स्कूटर चिंचेखाली थांबवली. तेही आता इरेला पेटले होते. "असं करा, मॅडम. आमचे वडील हसायचे एका माणसाला. भुईगावचा इनास. सगळा गाव पानाला मोरचूद मारतोय आणि हा माणूस म्हणे मोरचुदाची पुडी घरात येऊ देत नसे. त्यापायी चांगली वाडी भावाला सोडून दिली. येडा इनास म्हणायचे त्याला. अजून आहेत. जायचं काय?"

मी स्कूटरवर बसलेसुद्धा होते, पण उजेड कमी होत आला होता आणि मधूभाऊंना फुलं खुडायला माणसं सांगायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं ठरलं.

भुईगाव

भुईगावच्या गल्ल्या निर्मळपेक्षाही अरुंद आहेत. समोरून स्कूटर आली की एकाने कुणाच्या तरी अंगणात शिरायचं आणि शिरलोच आहोत म्हणून घरच्यांशी दोन शब्द बोलायचे, अशी रीत आहे. आम्हीही बोललो. तिथल्या एका म्हाताऱ्यांनी खोक्याकडे बघून विचारलं, "कोळंबी हाय काय?" माती आहे म्हटल्यावर ते मधूभाऊंकडे बघून हळूच हसले.

इनासकाकांचं घर समुद्राच्या अंगाला आहे. घरासमोर लहानसा क्रूस, त्याला झेंडूची माळ. काका ओटीवर बसून सोनचाफ्याच्या कळ्या निवडत होते. वय ऐंशीच्या पुढचं. डावा डोळा पांढरा पडलेला. त्यांची सून सेलीन बाहेर आली आणि खुर्च्या मांडल्या. घरात त्यांची स्वतःची बोली चालते, ती मला चार शब्दांपलीकडे कळली नाही. माझ्याशी मात्र सगळे मराठीत बोलले.

मी माझे ठरलेले प्रश्न विचारले. फवारणी? नाही. पंप? पंपच नाही. तांब्याची भांडी?

"होता एक हंडा, सासूबाईंचा," सेलीन म्हणाली. "तो भिंतीला लावून ठेवलाय, शोभेला. पाण्याला मातीचा रांजण. आता स्टील."

"मोरचूद का नको, काका?"

काकांनी कळी खाली ठेवली आणि बोटाने डोळा दाखवला. "वीस वर्सांचा होतो. बापाचा पानमळा. मोरचुदात घालायला चुना विझवत होतो, बापाने घाई केली. चुना उसळला तो डोळ्यात. बरा झालो, मग बाप म्हनाला, चल कामाला. मी टाकीजवळ गेलो तर पाय कापायला लागले. ते निळं पानी बघूनच. बापाला सांगितलं, मला नाय जमनार. वाटनीत मला पानमळा नको. बांधाच्या पलीकडे रेताड तुकडा होता, गवताशिवाय काय होत नसे तिथे, तो मागून घेतला. मळा लुईसला गेला, धाकट्या भावाला."

"आणि लोक हसले."

"लोक हसले ते एक वर्स. लुईस अजून हसतो." ते स्वतः मात्र हसले नाहीत. "भ्याला म्हनतो. सननावाराला, लग्नात, चार मानसांत बसलं की एकदा तरी काढतोच."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ सांगते. आधी मला माझा शोधनिबंध दिसला. दोन भाऊ, एकाच बापाची जमीन, मधे एक बांध. एका बाजूला तीन पिढ्यांचा मोरचूद, दुसऱ्या बाजूला कधीच नाही, कारण गवताला कोण फवारतो! प्रयोगशाळेत बसून आखला असता तरी याहून चांगला प्रयोग मला सुचला नसता. आणि मग मला लाज वाटली, कारण समोरचा माणूस साठ वर्षांचं दुखणं सांगत होता आणि मी मनात आकृत्या काढत होते.

काकांनी मला वाडी दाखवली. रेताड म्हणून ओळखूही येणार नाही अशी काळी, मऊ जमीन. शेणखत, एरंडीची पेंड, सुकी मासळी आणि पालापाचोळा घालून घालून त्यांनी ती उभी केली होती. पडवळ लोंबत होते, दुधीचा मांडव होता आणि कडेने सोनचाफा. मी खुरपं लावलं तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः खाली बसून मला माती काढून दिली. मग बांध ओलांडून लुईसकाकांकडे गेलो. ते गडगडाटी बोलणारे गृहस्थ, भावापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. त्यांनी आपल्या पानमळ्यातली माती लगेच दिली आणि माझ्या कानाशी म्हणाले, "इनासची माती कशाला घेता? त्यात काय दम हाय?" कानाशी म्हणजे, गावाला ऐकू जाईल इतपत.

सेलीनने जेवायला बसवलंच. तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण. बाटलीत भरून ठेवलेला मसाला त्यांच्या घरी वर्षभराचा एकदम होतो. आमच्या कांदा-लसूण मसाल्याचा मला केवढा अभिमान, पण त्या कालवणापुढे मी गप्प बसले. निघताना इनासकाका म्हणाले, "काय निघालं ते दाखवायला या हां." मी शब्द दिला.

त्या संध्याकाळी चार बशा फ्रिजच्या डोक्यावर चढल्या. प्रत्येक भावाची एक साधी, एक निळी. गुरुवारी मी काहीच केलं नाही. समुद्रावर जाऊन बसले, पण लाटा बघायचं सोडून घड्याळ बघत होते. एरवी मी निकालाची वाट बघताना निवांत असते. त्या दिवशी नव्हते, कारण आता निकाल माझ्या एकटीचा राहिला नव्हता.

शुक्रवारी सकाळी उठून आधी फ्रिज गाठला. लुईसकाकांची निळी बशी गच्च भरली होती. इनासकाकांची निळी बशी रिकामी होती. उजेडाकडे धरून पाहिली, भिंगातून पाहिली. एक ठिपका नव्हता. मी हिराकाकूंना मिठी मारली. त्यांना हातातली कळशी खाली ठेवायलाही मी वेळ दिला नाही.

गाडी दुपारची होती. मधूभाऊंनी स्कूटर अशी हाकली की कोंबड्यांनी शिव्या घातल्या असतील. इनासकाका ओटीवरच होते. मी धापा टाकत निळी बशी त्यांच्या हातात दिली. "बघा काका! काहीच नाही!"

काकांनी ती चांगल्या डोळ्याजवळ नेली. बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली.

"काय नाय उगवलं," ते म्हणाले.

"काहीच नाही!" मी आनंदाने ओरडले.

काकांनी बशी हळूच टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघायचं सोडलं. "साठ वर्सं शेन घातलं त्यात," ते हळूच बोलले.

आयुष्यभर माती पिकवणाऱ्या माणसाच्या हातात मी रिकामा वाफा ठेवला होता आणि वर टाळ्या पिटत होते. घाईघाईने दुसरी, साधी बशी काढली. तिच्यात तिळभर जागा शिल्लक नव्हती. पांढरे, पिवळे, गुलाबी ठिपके एकमेकांवर चढले होते.

"काका, ही तुमची माती. अशी जिवंत. इतके प्रकार मला या दौऱ्यात कुठल्याच मातीत दिसले नाहीत. आणि ही निळी बशी, तीही तुमचीच. फरक एवढाच की हिच्यात मी मोरचूद घातला."

काकांनी दोन्ही बशा शेजारी शेजारी धरल्या. ओठ हलत होते. मग म्हणाले, "म्हंजे तिला मोरचूद सोसत नाय."

"नाही सोसत. त्याची सवयच नाही तिला."

"आनि लुईसची?"

मी लुईसकाकांची निळी बशी दिली. काकांनी ती पाहिली आणि तिन्ही बशा दोन्ही हातांत धरून उठले. सेलीन म्हणाली, "बाबा, पडाल." ते पायऱ्या उतरले, वाडी ओलांडली आणि बांधावर चढले. आम्ही मागोमाग. मधूभाऊ मला घड्याळ दाखवत होते. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. गाड्या पुष्कळ असतात.

लुईसकाका वेली बांधत होते. हातातली दोरी सोडून आले. थोरल्याने बशा पुढे केल्या. मी सगळं पुन्हा सांगितलं: गेल्या साठ वर्षांत या बांधाच्या दोन बाजूंना मातीच्या दोन वेगळ्या जाती झाल्या, त्यांतले बॅक्टेरिया वेगळे झाले, आणि इनासकाकांनी आपला तुकडा कोरा ठेवला नसता तर हे मला कधीच दाखवता आलं नसतं. या अख्ख्या पट्ट्यात मला दुसरी अशी माती मिळाली नाही, हेही सांगितलं.

लुईसकाका निळ्या बशा बघत होते. "याची रिकामी, माझी भरलेली," ते म्हणाले. "म्हंजे मीच जिंकलो की!"

कुणीच हसलं नाही. त्यांनाही ते जाणवलं. त्यांनी रिकामी बशी पुन्हा हातात घेतली, भावाच्या पांढऱ्या डोळ्याकडे पाहिलं, मग खाली मातीकडे. माझ्या देखत म्हणून असेल, दोघंही मराठीतच बोलत होते.

"बाई सांगतात ते खरं असेल," लुईसकाका शेवटी म्हणाले. नेहमीचा गडगडाट आवाजात नव्हता. "म्हंजे तू भ्याला नव्हतास."

इनासकाकांनी भावाच्या हातातून आपली रिकामी बशी परत घेतली आणि शर्टाच्या टोकाने तिची काच पुसली.

"भ्यालो तर होतोच," ते म्हणाले. "पन फुकट नाय भ्यालो."